केस उजळले, पण केशरी झाले! तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात केसांच्या रंगाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. आलेल्या बहुतेक पत्रांत एकच रडगाणं आहे, मागितला एक रंग आणि महिन्याभरात केस झाले केशरी, नाहीतर पिवळे. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच देतेय.

प्रश्न : ताई, माझे केस एकदम काळे, कधीच काही केलं नव्हतं. दिवाळीच्या आधी पार्लरमध्ये ॲश ब्राउन (राखाडी झाक असलेला तपकिरी) करून घेतला, त्यांनी आधी ब्लीच केलं आणि मग वरून रंग लावला. सुरुवातीला अगदी फोटोतल्यासारखे दिसले, मग धुता धुता खालून केशरी निघायला लागलं. मैत्रीण म्हणाली म्हणून पर्पल शाम्पू आणला, बाटली संपत आली तरी ढिम्म फरक नाही. पुन्हा ब्लीच करून घेऊ का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, लगेच पुन्हा ब्लीच अजिबात नको. आगीतून फुफाट्यात जाल. आधी हा केशरी आला कुठून ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं की पुढे कुठली बाटली घ्यायची ते आपोआप कळतं.

हा रंग पार्लरवालीने लावलेला नाही, तो तुमच्याच केसांतला आहे. केसांत दोन प्रकारची रंगद्रव्यं असतात, एक काळं-तपकिरी, त्याला युमेलॅनिन म्हणतात, आणि दुसरं लालसर-पिवळं, ते फिओमेलॅनिन. ब्लीच लावलं की काळं-तपकिरी आधी फुटतं आणि लालसर-पिवळं चिवटपणे मागे राहतं, म्हणून काळा केस उजळताना आधी लाल, मग लाल-केशरी, मग केशरी, मग केशरी-पिवळा, मग पिवळा आणि शेवटी अगदी फिकट पिवळा असाच जातो. महागड्या सलॉनमध्ये करा की घरी करा, हा क्रम कुणालाच चुकत नाही. शेड कार्डवर १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे सगळ्यात उजळ ब्लाँड, त्याला लेव्हल म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ मध्ये येतात. ४ ला पोचलं की खालून लाल दिसतो, ५ ला लाल-केशरी, ६ ला चक्क केशरी, ७ ला केशरी-पिवळा, ८ ला पिवळा, आणि ९-१० ला फिकट होत गेलेला पिवळा. तुमच्या वर्णनावरून तुमचे केस ६ किंवा ७ वर थांबलेत असं वाटतंय.

आता हा केशरी घालवायचा म्हणजे काय करायचं, तर त्याच्या समोरचा रंग त्यावर बसवायचा. रंगचक्रात लालच्या समोर हिरवा येतो, केशरीच्या समोर निळा आणि पिवळ्याच्या समोर जांभळा. घरी पांढऱ्या कपड्यांना आपण नीळ देतो ना, ती काही मळ काढत नाही, कपड्यावर थोडा निळसर-जांभळा थर बसतो आणि पिवळटपणा डोळ्यांना दिसेनासा होतो. टोनर, म्हणजे उजळलेल्या केसांवर झाक बदलायला लावतात तो रंग, त्याचं कामही तसंच, तो केसातला केशरी काढत नाही, फक्त झाकतो. म्हणून तुमचा पर्पल शाम्पू चालला नाही, त्यात काही खोट नव्हती, तो पिवळ्यासाठी आहे आणि तुमचे केस केशरी आहेत. तुम्हाला निळा हवा.

आणि फक्त रंग समोरचा असून भागत नाही, तो तेवढा गडदही लागतो. ९ नंबरचा फिकट टोनर ६ नंबरच्या केशरी केसांवर लावला तर तो दिसतसुद्धा नाही, पैसे पाण्यात. बहुतेक जणी इथेच फसतात, फोटोत दिसलेल्या रंगाचा टोनर आणतात, स्वतःचे केस कुठल्या लेव्हलला आहेत ते बघतच नाहीत.

तर असं करा. केस धुऊन, इस्त्री न करता वाळवा. सकाळी खिडकीजवळ उभ्या राहा, ट्यूबलाइट किंवा पिवळ्या बल्बखाली नको, त्यात रंग हमखास वेगळा दिसतो. एक बट कानामागची घ्या, एक टाळूवरची आणि एक टोकाकडची, आणि प्रत्येक बट पांढऱ्या कोऱ्या कागदावर धरून बघा. तिन्ही वेगळ्या दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. केशरी दिसली तर निळ्या बेसचा ॲश, ६ नंबरचा किंवा एक नंबर गडद म्हणजे ५ चा. केशरी आणि पिवळ्याच्या मध्ये असेल तर निळा-जांभळा मिक्स. हा डेमी-पर्मनंट, म्हणजे काही आठवड्यांत उतरणारा, घ्यायचा, १० व्हॉल्यूम किंवा त्याहून सौम्य डेव्हलपरमध्ये (डेव्हलपर म्हणजे रंगात कालवायचं पेरॉक्साइड, व्हॉल्यूम म्हणजे त्याची तीव्रता). पार्लरमध्ये कुणी २० किंवा ३० व्हॉल्यूममध्ये पर्मनंट ॲश लावू म्हणालं तर थांबवा, कारण त्याने तुमची नवीन वाढलेली काळी मुळं थोडी उजळतात, म्हणजे तिथेही खालचा लाल उघडा पडतो आणि ॲश उतरला की तोही दिसायला लागतो.

टोनर धुपणारच. साधारण ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा लावावा लागतो, मध्ये आठवड्यातून एकदा निळा शाम्पू. हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण काळ्या केसांवरचा ॲश हा कायमचा खर्च आहे आणि तो माहीत असूनच निवडायला हवा. माझं मत विचाराल तर ५-६ च्या लेव्हलला थोडी ऊब, म्हणजे सोनेरी-तांबूस झाक, ठेवलेला कॅरॅमल किंवा मधासारखा ब्राउन आपल्या वर्णावर फार खुलतो, आणि उतरला तरी केसांच्या खालच्या रंगाशी भांडत नाही. ॲशच हवा असेल तर जरूर ठेवा, पण ८ नंबरच्या वरचा हवा म्हणून पुन्हा ब्लीच करायचं असेल तर आधी एक ओली बट हलकेच ताणून बघा. ताणून परत जागेवर आली तर ठीक, लोंबत राहिली किंवा चिकट लागली तर ब्लीचचं नावही काढू नका.

प्रश्न : बरीच वर्षं मेंदी लावतेय. आधी नुसती मेंदी, पुढे पांढरे वाढले तसं मेंदीनंतर इंडिगो, आणि लग्नकार्याच्या घाईत कधीतरी काळ्या मेंदीचं पाकीट. आता मुलीसारखे हायलाइट्स करावेसे वाटतात. पार्लरवाली म्हणते होऊन जाईल. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ताई, पार्लरवालीला तुम्ही हे सगळं जसं मला लिहिलंत तसंच सांगितलंत का? नुसतं "मेंदी लावते" म्हणालात तर तिला अर्धीच गोष्ट कळली, कारण तुमच्या केसांत तीन वेगवेगळी प्रकरणं एकावर एक बसलेली आहेत.

शुद्ध मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसाच्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटतं. ब्लीचने केस उजळतात पण एका टप्प्यावर असा भगवा रंग उरतो की पुढे हलतच नाही. इंडिगोचं उलटं, वरून काळा दिसतो, पण ब्लीच लागलं की बऱ्याचदा हिरवट निघतो. आणि काळ्या मेंदीच्या पाकिटात तर मेंदी नावाला, रंग येतो तो बहुतेक वेळा पीपीडी नावाच्या डायमुळे, आणि काही पावडरींत धातूंचे क्षारही असतात. हे क्षार पेरॉक्साइडशी भिडले की केस गरम होतात, कधी वाफ निघते, आणि केस हातात तुटून येतात. शुद्ध मेंदीमुळे असं होत नाही, पण तुमच्या पाकिटात नक्की काय होतं हे आता कोण सांगणार.

म्हणून आधी बट-चाचणी, त्याशिवाय डोक्याला हात लावू देऊ नका. मानेजवळची, आतली एक बारीक बट टोकाकडून कापून घ्या, दोऱ्याने बांधा, काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या वाटीत ठेवा, स्टीलची वाटी नको, आणि जे ब्लीच वापरणार तेच तिच्यावर लावायला सांगा. दर पाच मिनिटांनी बघायचं. वाटी गरम लागली, फेस आला, वास सुटला, तर विषय तिथेच संपला, त्या केसांवर ब्लीच कधीच नको. हिरवी झाली तर इंडिगो बोलतोय, त्यावर लालसर रंग टाकून हिरवा मारता येतो, पण मग उरतो तपकिरी, तुमचे हायलाइट्स गेलेच. भगवी होऊन थांबली तर तांबूस हायलाइट्सवर समाधान मानता येईल का ते ठरवा, तेही छान दिसतात.

मला मात्र तुमच्यासाठी दुसराच रस्ता बरा वाटतो. पांढरे केस बरेच आहेत म्हणता ना, मग मेंदी थांबवून मुळं वाढू द्या. महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर केस वाढतो. थोडे आखूड कापून घेतले तर वर्षभरात खूपसा भाग मेंदीशिवायचा होईल. त्यात जे पांढरे असतील त्यांना ब्लीच लागतच नाही, त्यांच्यात उजळवायला काही नाहीच, त्यावर हलका बेज किंवा मधाळ टोन दिला की तेच तुमचे हायलाइट्स, आणि खालून केशरी निघायची भीतीच नाही. धीर धरावा लागेल, मधले काही महिने दोन रंग दिसतील, ते खरं आहे.

प्रश्न : ताई मी कॉलेजला आहे, पार्लरएवढे पैसे नाहीत. ब्लीच पावडर आणि ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर आणलाय, दुकानदार म्हणाला यात केशरी स्टेज येतच नाही, डायरेक्ट ब्लाँड. मुळापासून लावू की टोकापासून? आणि आधी लिंबू लावून उन्हात बसले तर कमी ब्लीच लागेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तो ४० व्हॉल्यूम परत दे बघू आधी. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. आकडा वाढला म्हणून केशरी टप्पा गाळला जात नाही, केस तोच रस्ता घाईघाईने तुडवत जातो, त्यात वरचं आवरण खराब होतं, डोक्याच्या कातडीला लागलं तर भाजतं, आणि घाई असल्यामुळे कुठे पिवळा कुठे केशरी असे चट्टे पडतात. ब्लीच पावडरबरोबर घरी २० च्या वर जायचं नाही.

मुळापासून तर मुळीच सुरू करू नकोस. डोक्याची ऊब लागून मुळांजवळचं ब्लीच भराभर काम करतं, त्यामुळे मुळं आधी पिवळी होतात आणि खालचे केस केशरीच राहतात, आणि हे असं डोकं लांबूनही ओळखू येतं. आधी मधला भाग आणि टोकं, मुळांपासून दोन-अडीच सेंटीमीटर सोडून, तिथलं बऱ्यापैकी उजळलं की मगच मुळं.

पण खरं सांगू का, अख्खं डोकं घरी करूच नकोस. मागचं दिसत नाही, दोन हात पुरत नाहीत, आणि एक बाजू लावून होईस्तोवर दुसरी बाजू वाळते, वाळलेलं ब्लीच काम करायचं थांबतं. खालच्या थरातल्या दोन-तीन बटा कर, ज्या केस सोडले की झाकल्या जातील. फॉइलमध्ये लाव, दर दहा मिनिटांनी उघडून थोडं ब्लीच पुसून बघ, वरून ड्रायरची हवा देऊ नकोस, पाकिटावरची वेळ संपली की रंग कसाही असो धुऊन टाक. केशरीवर थांबला तर निळ्या बेसचा टोनर लाव आणि ब्राउन बट म्हणून मिरव, पिवळा झाला तरच जांभळा टोनर. आणि टोनर असो की रंग, ४८ तास आधी कानामागे थोडा लावून बघायचा, खाज, लाली, सूज आली तर तो तुझ्यासाठी नाही. आधी कधी हातावर काळ्या मेंदीचा टॅटू काढून घेऊन पुरळ आलं असेल तर हे आणखी गांभीर्याने घे.

लिंबू आणि ऊन विसर. त्याने काळे केस उजळतात ते तांबूसच होतात, कोरडे होतात ते वेगळंच, आणि रस कपाळावर-मानेवर ओघळून ऊन लागलं तर कातडी अक्षरशः भाजल्यासारखी होते, डाग पुढे कितीतरी दिवस जात नाहीत.

प्रश्न : बालायाज (हाताने रंगवलेले हायलाइट्स) केलंय, चांगल्या ठिकाणी, टोनरही छान बसला होता. पण आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी, महिन्याच्या आत केस पितळी दिसतात. आंघोळीच्या शॉवरला फिल्टर बसवला, फरक नाही. खोबरेल तेलाने रंग उतरतो म्हणतात म्हणून तेलही बंद केलं. (एक वाचक, पुणे)

उत्तर : पाणी हे कारण आहेच, पण ते एकटं नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, बऱ्याच ठिकाणी लोहसुद्धा. ब्लीच केलेला केस सच्छिद्र असतो, हे सगळं धरून ठेवतो, त्याने केस राठ लागतात आणि रंगावर एक तांबूस-पिवळा थर येतो. शॉवरला लावायचे साधे फिल्टर मुख्यतः क्लोरीन कमी करतात, पाण्याचा जडपणा काढत नाहीत, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. पंधरा दिवसांतून एकदा चिलेटिंग शाम्पू वापरा, बाटलीवर ईडीटीए लिहिलेलं बघून घ्या, तो क्षार पकडून काढतो. त्याने केस कोरडे होतात, त्यामुळे लगेच भरपूर कंडिशनर. आणि निळा शाम्पू त्याच्यानंतर, आधी नाही, कारण थर असताना लावला की तो चट्ट्याचट्ट्याने बसतो. शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे घेता आले तर तेवढ्यानेही केस मऊ राहतात.

दुसरं म्हणजे गरम पाणी आणि ऊन. कढत पाण्याने डोकं धुतलं की टोनर भराभर निघतो, आणि स्कूटरवरून रोज उन्हात जात असाल तर हेल्मेटबाहेर लोंबणारी टोकं बघा, सगळ्यात जास्त पितळी तीच असतील. स्कार्फमध्ये गुंडाळून घ्या. इस्त्री १८० अंशांच्या वर नेऊ नका.

तेल मात्र कृपा करून सुरू करा. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला, खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल तेल यांची तुलना होती, आणि केस धुताना जाणारं प्रथिन कमी करण्यात खोबरेलच उजवं ठरलं, ब्लीच केलेल्या केसांवरसुद्धा. कंपनी खोबरेल विकणारीच आहे हे लक्षात ठेवू, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे, त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं, बाकीची तेलं बरीचशी वरच राहतात. फक्त धुण्याआधी तास-दोन तास लावा, लांबीला लावा, आणि टोनर नवीन असताना पहिले तीन-चार दिवस थांबा. तेल काढायला दोन-दोनदा घासून शाम्पू केला जातो, रंग उतरतो तो त्याने, तेलाला उगाच बोल लागतो.

प्रश्न : बीडला माझं छोटं पार्लर आहे. कोर्स केलाय पण न्यूट्रलायझिंग, म्हणजे समोरच्या रंगाने नको तो रंग मारणं, अजून डोक्यात बसत नाही. एका क्लायंटचे केस ९ पर्यंत उजळले, छान पिवळे, वरून ॲश टोनर लावला तर हिरवट-राखाडी झाले. दुसऱ्या वेळी दुसऱ्या कंपनीचा तोच नंबर घेतला तर वेगळाच रंग आला. (एक ब्युटिशियन)

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण क्लायंटला "असंच होतं" म्हणून वाटेला लावणाऱ्या खूप आहेत, तुम्ही कारण शोधताय.

पहिल्या वेळी काय झालं बघा. ॲशमध्ये बऱ्याच कंपन्यांचा बेस निळा असतो. ९ वर केस पिवळा, त्यावर निळा पडला, निळा आणि पिवळा म्हणजे हिरवा, हे शाळेतल्या रंगपेटीतलंच गणित. ९-१० वर जांभळ्या बेसचा टोनर हवा, निळा नाही. निळ्याचं राज्य ६ आणि ७ वर, ७-८ च्या मध्ये निळा-जांभळा, आणि ४-५ वर लाल डोकावतो तिथे हिरव्या बेसचा, ज्याला मॅट म्हणतात. हे ट्रॉलीच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, घाईत फार उपयोगी पडतं.

दुसरं, शेडच्या नंबरात पॉइंटच्या किंवा तिरक्या रेघेच्या आधीचा आकडा म्हणजे लेव्हल, तो सगळीकडे साधारण सारखा. पण त्यानंतरचा आकडा म्हणजे झाक, तो कंपनीप्रमाणे बदलतो. लॉरिअलमध्ये .१ म्हणजे निळसर ॲश, .२ जांभळ्याकडे जाणारा, .६ लाल आणि .७ हिरवट मॅट. वेलामध्ये /२ म्हणजे मॅट, म्हणजे हिरवा, आणि /६ म्हणजे जांभळा. म्हणजे बघा, एका कंपनीचा ६ जांभळा आणि दुसरीचा लाल! आकडा पाठ करून उपयोग नाही, प्रत्येक कंपनीचं शेड कार्ड घेऊन बेस कुठला ते वाचा, लिहिलेलं नसेल तर थोडं क्रीम टिश्यूपेपरवर पसरून डेव्हलपरसकट ठेवून बघा, बऱ्यापैकी अंदाज येतो.

टोनर लावताना केस धुऊन टॉवेलने टिपलेले, ओलसर असू द्या. डबडबलेल्या केसांवर तो पातळ होऊन ओघळतो. जिथे सगळ्यात केशरी तिथे आधी, टोकं सच्छिद्र असतात ती रंग झटकन पितात म्हणून शेवटी. आणि खुर्चीपासून हलू नका, दर दोन-तीन मिनिटांनी एक बट पुसून बघा, रंग आपल्याला हवा त्याच्यापेक्षा किंचित गार, म्हणजे राखाडीकडे झुकलेला, दिसला की धुवा, वाळल्यावर तो जागेवर येतो. आता झालेला हिरवट रंग घालवायचा असेल तर ब्लीचकडे धावू नका. तो डेमी असेल तर क्लॅरिफायिंग (खोलवर साफ करणाऱ्या) शाम्पूने बराच उतरेल, उरला तर १० व्हॉल्यूममध्ये अगदी थोडा सोनेरी-तांबूस बेज.

आणि आणखी एक, रिबाँडिंग किंवा स्मूदनिंग झालेल्या केसांवर ब्लीच, किंवा ब्लीच झालेल्यांवर रिबाँडिंग, क्लायंटने कितीही गळ घातली तरी हो म्हणू नका. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

प्रश्न : मी सदुसष्ट वर्षांची. डाय सोडून दोन वर्षं झाली, केस पूर्ण पांढरे, मला आवडतातही. पण पुढचे केस पिवळट पडतात, जुन्या कागदासारखे. सुनेचा जांभळा शाम्पू लावू का? (एक आजी, सातारा)

उत्तर : आजी, अगदी लावा, तो तुमच्यासाठीच आहे. डोंबिवलीच्या वाचक ताईंना तो चालला नाही, पण तुम्हाला चालेल, कारण तुमच्याकडे पिवळाच आहे. आठवड्यातून एकदा, ओल्या केसांना लावून दोन-तीन मिनिटांत धुवायचा. जास्त वेळ ठेवला किंवा रोज लावला तर पांढऱ्या केसांवर जांभळी झाक येते, ती आली तरी घाबरू नका, साध्या शाम्पूने दोन-तीन धुण्यांत जाते.

पिवळेपणा येतो कशाने तेही बघा. ऊन, चुलीचा किंवा उदबत्तीचा धूर, पाण्यातलं लोह, आणि रंगीत तेलं. माक्याचं हिरवं तेल, जास्वंदीचं लाल तेल पांढऱ्या केसांत रंग सोडू शकतं, तुम्ही ते लावत असाल तर बंद करून साधं पांढरं खोबरेल लावा. पुढचेच केस पिवळे म्हणताय म्हणजे ऊन नाहीतर देवघरातला धूर, फिरायला जाताना डोक्यावर पदर घ्या, तेवढ्यानेही फरक पडेल. आणि केस पांढरे ठेवलेत ते फार छान केलंत.

प्रश्न : ताई, माझं लग्न ठरलंय. फिकट बेज हायलाइट्स करायचेत, पण आई म्हणते हळदीत सगळे पिवळे होतील. किती दिवस आधी करू? (एक नवरी, ठाणे)

उत्तर : अभिनंदन! आणि आईंचं म्हणणं खरं आहे. उजळलेला केस सच्छिद्र असतो आणि हळद हा अस्सल रंग आहे, फिकट बेजवर तर तो लगेच धरतो.

हायलाइट्स लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी करून घे, म्हणजे काही बिघडलं तर सुधारायला वेळ राहील. टोनर मात्र पुन्हा चार-पाच दिवस आधी लावून घे, हळदीच्या आधीच, आणि त्याच वेळी फोटोग्राफरच्या उजेडात नाही तर बाहेरच्या उजेडात रंग बघून घे. हळदीच्या दिवशी केसांना भरपूर कंडिशनर लाव, घट्ट उंच अंबाडा बांध आणि वर जुना सुती स्कार्फ. कपाळाजवळच्या बटा आत ढकलून पिना लाव, करवल्या सगळ्यात आधी तिथेच हात नेतात.

तरी लागलीच, तर पहिली गोष्ट, अंगाच्या साबणाची वडी केसांना लावू नको. हळदीत चुना घातला की तिचं कुंकू होतं हे माहितीये ना, साबण अल्कधर्मी असतो, त्याने पिवळा डाग लालसर होतो. हळदीचा रंग तेलात विरघळतो, म्हणून त्या बटांना खोबरेल चोळ, अर्धा तास ठेव, मग सौम्य शाम्पू. उरला तर थोडं ऊन, हळदीचे कपडे उन्हात वाळवले की डाग कसा फिका पडतो ते घरी विचार. त्यानंतर हलका पिवळेपणा राहिला तर जांभळा शाम्पू दोन मिनिटं. हळदीच्या आणि लग्नाच्या मध्ये एकच रात्र असेल तर तेवढ्यात पार्लरला जाऊन नवा रंग लावायला सांगू नको, रंगातही अमोनियासारखं अल्कधर्मी काहीतरी असतं आणि हळदीवर ते काय रंग दाखवेल ते त्या रात्री बघण्यात अर्थ नाही.

अक्षतांचं विचारलं नाहीस, पण सांगते, कुंकवाने रंगवलेल्या अक्षता कोरड्या असतात तोवर काही करत नाहीत. घामाने किंवा हेअरस्प्रेने ओल्या झालेल्या केसांत अडकल्या तर ठिपके पडतात, म्हणून मंगलाष्टकं झाली की मैत्रिणीला मोठ्या दातांच्या कंगव्याने झटकायला सांग, डोक्यावर पाणी घ्यायच्या आधी.